सागवानाला रंग

सागवानाला ऑइल पेंट मारणं म्हणजे तांबड्या रश्श्यात साखर घालणं, असं कोल्हापुरात बहुतेकांचं मत असावं. आणि मत असलं की इथं ते पोटात राहत नाही. जुन्या फर्निचरच्या दुकानातून आणलेलं साइड टेबल गॅलरीत उलटं टाकून पॉलिश पेपरनं घासत होतो, तर वरच्या मजल्यावरचे काका जिन्यातच थांबले. "सागवान हाय न्हवं? मग रंग कशाला मारालाय? पॉलिश करा की!"

काकांचं निम्मं बरोबर होतं. वरची फळी सागवानीच, पण बाजू आंब्याच्या, ड्रॉवरचा तळ प्लायचा आणि एक पाय नंतर कधीतरी बदललेला. दिसतं तिथं सागवान, बाकी हाताला लागेल ते, हा सुतारकामातला जुना शहाणपणा. असल्या गोतावळ्यावर पॉलिश मारलं की प्रत्येक लाकूड आपापली जात दाखवतं. म्हणून वर पॉलिश आणि खाली मोरपंखी रंग, असं ठरवलं.

लाकूड मिसळीचं असलं तरी सगळं खरं आहे, याचं मोल इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं. ते ओसरल्यावर भुसा दाबून केलेली कपाटं फुगून उकललेली, कचऱ्यात टाकण्याच्या लायकीची. एकदा फुगलेला भुसा परत बसत नाही. अखंड लाकूडही फुगतं, पण रुंदीत; लांबीत जवळजवळ नाहीच. सावलीत सावकाश वाळलं, तर बरंचसं मूळ मापावर येतं. पावसाळ्यात ड्रॉवर अडतो म्हणून लगेच रंधा मारू नये तो यासाठीच. उन्हाळ्यात तो खुळखुळायला लागतो.

जुना थर कसला, हे ओळखायला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कोपऱ्यात घासावा. चिकट झालं की समजायचं, चपड्याचं पॉलिश आहे. चपडा म्हणजे लाखच, किड्यानं झाडावर तयार केलेली. जुन्या डागांवर त्याचा पातळ हात दिला की डाग नव्या रंगातून वर येत नाहीत. बाकी लांबी म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, प्रायमर, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घासणं, यात कंटाळ्याखेरीज सांगण्यासारखं काही नाही.

खरा छळ मुठींचा. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मी डिझाइनं बघत बसलो, तेव्हा काउंटरवरच्या पोरानं पहिलाच प्रश्न टाकला, "भोकाला भोक किती?" हल्लीच्या मुठी ९६, १२८, १६० मिलिमीटरच्या, सगळ्या ३२ च्या पाढ्यातल्या. माझ्या ड्रॉवरची भोकं तीन इंचांवर, म्हणजे ७६ मिलिमीटर. पाढ्याला आणि इंचाला एकमेकांची ओळखच नाही. मग जुनी भोकं लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉलनं बुजवून नवी पाडायची, नाहीतर दोन्ही भोकं झाकेल अशी पट्टीची मूठ शोधायची. पोरानं माळ्यावरून पितळी पट्टीची जोडी काढली. किंमत ऐकून मी टेबलाची आठवली. फारसा फरक नव्हता. तरी घेतली. रोज हात टेबलाला नाही, मुठीला लागतो.

एनॅमल, म्हणजे हा ऑइल पेंट, काही तासांत हाताला सुकतो, पण आतून घट्ट व्हायला बरेच दिवस घेतो, पावसाळी हवेत त्याहून जास्त. तोवर रंगवलेल्या भागाला वर्तमानपत्र टेकवलं की अग्रलेख टेबलावर छापून निघतो.

परवा काका मुद्दाम बघायला आले. ड्रॉवर दोनदा ओढून पाहिला, रंगाबद्दल चकार शब्द नाही. मग म्हणाले, "मुठी झकास हायत. कितीला घेतल्यासा?" मी आकडा सांगितला. "फसलासा," ते म्हणाले, आणि दुकान कुठलं ते विचारून घेतलं.