सुर्ल्याची थंडी आणि झुल्यावरची झोप

गोव्यात थंडी वाजते असं सांगितलं की लोक हसतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर कळंगुट असतं. साखळीहून केरीला या, अंजुण्याच्या धरणाच्या बाजूने चोर्ला घाट चढा आणि जानेवारीतली एक रात्र सुर्ल्याला काढा. मग बोलू. घाटमाथा समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटरवर आहे. नुसत्या उंचीच्या हिशेबानेच हवा किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी गार असते. आमच्याकडच्या छोट्या थर्मामीटरने पहाटे 14 दाखवले. घरात गोधडी घेऊन झोपणाऱ्याला 14 म्हणजे काहीच नाही. दोन झाडांमध्ये कापडी झुला (हॅमॉक) टांगून त्यात झोपणाऱ्याला मात्र ते पुरेसे आहेत.

येणाऱ्यांसाठी आधी एक सूचना. नकाशात ‘सुर्ला’ टाकलंत तर एक डिचोलीतलं निघतं, एक तांबडी सुर्ला निघतं, जे मोलेच्या बाजूला महादेवाच्या जुन्या देवळाजवळ आहे, आणि एक हे सत्तरी तालुक्यातलं. कोल्हापूरहून येणारा माझा भाचा आणि त्याचा मित्र तांबडी सुर्ल्याच्या वाटेला लागलेच होते, फोन लागला म्हणून वाचले.

आम्ही उतरलो ते ओळखीच्या काकांच्या काजूच्या बागेत. मुद्दाम सांगते, कारण या भागात जंगल दिसलं की दोऱ्या बांधायच्या, असं चालत नाही. आजूबाजूला म्हादई अभयारण्य पसरलेलं आहे आणि तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही. खाजगी बागायतीत मालकाला विचारून राहावं, आणि मालक सांगेल तिथेच बांधावं. पोरांना खाली झऱ्याकाठची जागा आवडली होती. पाण्याचा आवाज, पोफळी, फोटो छान येणार. काका म्हणाले, “बाय, तिकडे नको. थंडीत आमची गुरंसुद्धा तिथं बसत नाहीत.”

गुरांचं बरोबर आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उतारावरची हवा गार होते, जड होते आणि ओघळून खोलगटात साचते. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, त्यात पाटाच्या पाण्याचा ओलावा मिसळतो. आम्ही झऱ्यापासून तीसेक मीटर वर, उताराच्या मध्यावर बांधलं. झोपायच्या आधी थर्मामीटर घेऊन दोन्हीकडे फिरून आले तर खाली दोन अंशांचा फरक होता. महागडी स्लीपिंग बॅग घेण्याआधी हे तीस मीटर चढा, फुकट आहेत. शिवाय पोफळीला झुला बांधूच नये, खोड बारीक असतं. माडाखाली तर मुळीच नको, नारळ आणि झावळी वेळ विचारून पडत नाहीत. फणस, आंबा, जुना जाड काजू चालतो, पण बुंध्यावर हात ठेवण्याआधी हुमले बघा. पानं चिकटवून घरं करणारे हे तांबडे मुंगळे झुल्याच्या पट्ट्यावरून थेट अंथरुणात उतरतात.

आता मुख्य गोष्ट. झुल्यात थंडी खालून लागते. वरून कितीही पांघरा. ऊब कापसाची किंवा पिसांची नसते, त्यांच्यात अडकलेल्या हवेची असते. स्लीपिंग बॅगेवर आडवं झालात की पाठीखालचा भाग वजनाने दबतो, हवा निघून जाते आणि पाठ व वारा यांच्यामध्ये उरतात कापडाचे दोन पदर. जमिनीवर निदान खालून वारा येत नाही. झुल्याखाली तो रात्रभर खेळतो. भाच्याकडे हिमालयासाठी घेतलेली जाडजूड बॅग होती. मध्यरात्र उलटल्यावर अंधारातून आवाज आला, “मावशी, पोटाला घाम आलाय आणि पाठ बर्फ झालीय.” याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही.

यावर खरा उपाय म्हणजे अंडरक्विल्ट. झुल्याच्या बाहेरून, खाली टांगायची रजई. तिच्यावर वजन येत नाही, म्हणून ती फुगलेली राहते. पण ती विकत घेतली, अडकवली आणि झोपलो, एवढ्याने भागत नाही. भाच्याच्या मित्राकडे अंडरक्विल्ट होती, तरी तो कुडकुडत होता. मी टॉर्च घेऊन त्याच्या झुल्याखाली वाकले, तर कमरेपाशी झुला आणि रजई यांच्यात चार बोटांची पोकळी, आणि पायाकडचं टोक पिशवीच्या तोंडासारखं उघडं. तिथून वारा शिरत होता आणि डोक्याकडून बाहेर पडत होता. दोन्ही टोकांच्या नाड्या आवळल्या, बाजूचे इलॅस्टिक थोडे आखूड केले, त्याला हलायला सांगितलं आणि पुन्हा तळवा सरकवून पाहिला. रजई झुल्याला नुसती टेकली पाहिजे. फार ओढली तर ती दबते आणि पुन्हा तीच कथा. हे काम झोपणाऱ्याला एकट्याला जमत नाही, कारण तो आत असतानाच ते कळतं. म्हणून उजेड आहे तोवर एकमेकांचं तपासून घ्या.

भाच्याची सोय फोमच्या मॅटवर केली. बंद पेशींचा, पाणी न पिणारा फोम हवा. आठ-दहा मिलिमीटर जाडी आपल्याकडच्या थंडीला पुरते. अडचण अशी की झुला खांद्यांना गुंडाळून घेतो आणि मॅट पाठीपुरतीच असते, मग दंड आणि खांदे उघडे पडतात. त्यासाठी आम्ही मीटरभर लांबीचा दुसरा तुकडा खांद्याखाली आडवा टाकला. दुपदरी झुला असेल तर मॅट दोन पदरांच्या मध्ये घाला. एकपदरीत ती रात्रभर घसरते आणि पहाटे पायाशी सापडते. फोममधून घाम जात नाही, पाठ थोडी ओलसर होते. अंगात सुती बनियन असेल तर तो ओलावा धरून बसतो आणि गारठा वाढतो. झोपताना कोरडे, पातळ लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे घाला, आणि दिवसभर चालताना घातलेले मोजे बदला.

काकांनी घोंगडी दिली होती. माझ्या झुल्याखाली मी तीच दोरीने टांगली आणि तिच्याखाली पावसाळी प्लॅस्टिकचा पडदा सैल बांधला. घोंगडीच्या विणीतून वारा आरपार जातो, तो पडद्याने अडतो. वजनाला भारी, पाठीवर वाहून न्यायला अजिबात नको, पण गाडी झाडापर्यंत येत असेल तर झकास. लोकर दमट झाली तरी उबदार राहते. सुती वाकळ दंव पिऊन जड होते आणि मग निरुपयोगी.

दंव म्हणजे इथला दुसरा शत्रू. पाऊस नाही म्हणून टार्प, म्हणजे झुल्यावर ताणायचं कापडी छप्पर, नको, असं समजू नका. मोकळ्या आभाळाखाली अंगाची उष्णता थेट वर जाते आणि पांघरुणावर दंव धरतं. टार्प दोन्ही अडवतो. तो लावताना दिशा बघा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, तेच. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे गोव्यात पूर्वेकडून. टार्पची खाली ओढलेली बाजू पूर्वेला. नायलॉनचा टार्प भिजला की सैल पडतो, झोपण्यापूर्वी एकदा पुन्हा ताणून घ्या. पट्ट्यावर, टार्पच्या आडोशाच्या आत, सुतळीचा तुकडा लोंबता बांधा, म्हणजे बुंध्यावरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडेल. आणि तोंड पांघरुणात घालून झोपू नका. श्वासाच्या वाफेने आतून ओलं होतं. कानटोपी घाला, नाक बाहेर ठेवा.

बांधणीचंही उबेशी नातं आहे. पट्टा आडव्या रेषेशी साधारण 30 अंशांचा कोन करील इतका सैल सोडा, आणि झुल्यात तिरकं झोपा. अंग सपाट राहतं, खांदे आवळले जात नाहीत, खालची रजईही सारखी टेकते. ताठ बांधलेला झुला केळ्यासारखा वाकवतो आणि पाठीखाली पोकळी करतो.

झोपण्याआधी गरम पेज जेवलो, थोडं चाललो. गार अंगाने आत शिरलात तर पांघरूण ऊब कुठून आणणार? स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरा. पायापेक्षा तिथे जास्त उपयोग होतो, मोठ्या रक्तवाहिन्या तिथून जातात. शेकोटीच्या मात्र मी ठाम विरोधात आहे. झुल्याचं कापड एका ठिणगीने वितळतं, आणि मार्च 2023 मध्ये म्हादईच्या डोंगरांवर पेटलेले वणवे सत्तरीतलं कुणी विसरलेलं नाही.

खरेदीचं म्हणाल तर गोव्यासाठी शून्य अंशाची बॅग घेऊ नका. दहा अंशांना आरामदायी असलेली बॅग किंवा टॉप क्विल्ट, म्हणजे वरून पांघरायची रजई, भरपूर झाली, तीही पिसांची नको, इथल्या दमट हवेत सिंथेटिक बरी. उरलेले पैसे अंडरक्विल्टवर घाला. तेवढे नसतील तर मॅटवर.

राहिलं गोचिडांचं. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो गोचिडांतून पसरतो. काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला फिरण्याचा. झुल्यात जमिनीपासून वर असलात तरी पाचोळ्यातून चालावं लागतंच. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि पाचोळ्यात बसायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. घरी पोचल्यावर आधी गरम पाण्याने अंघोळ, काखा-जांघा-कानामागे नीट पाहणी, आणि पांघरुणं कडक उन्हात. पुढे काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना सत्तरीत जाऊन आल्याचं आपणहून सांगा.