तंबोऱ्याचा इसार

रविवार, रात्रीचे साडेअकरा

परवा आवर्ती ठेव संपली. महिन्याला २,५०० प्रमाणे वर्षभर भरले होते, व्याजासकट ३१,०५० रुपये खात्यात आले. स्वतःच्या पगारातून बाजूला काढलेले एवढे पैसे मी पहिल्यांदाच बघितले. आणि आज मिरजेला जाऊन त्यातले ५,००० तंबोऱ्याचा इसार म्हणून देऊनही आले. खोलीतल्या दोघी झोपल्यात. मला झोप लागत नाहीये, म्हणून लिहून काढते.

ठेव चालू होती तेव्हा या पैशांचं काय करायचं ते दर महिन्याला बदलायचं. मोबाइलची बॅटरी दुपारीच मान टाकते, तर नवा मोबाइल. हरिश्चंद्रगडाच्या वेळी बुटाचा तळ उचकटला, तर चांगले बूट. आई म्हणते, अडीनडीला असू देत, पुण्यात तुझं कोण आहे? तिचंही खरंच आहे. तंबोऱ्याचं मी कुणाशी बोललेच नव्हते. शेवटी दादाला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, “अगं, मोबाइलवर फुकट वाजतो की!”

वाजतो. चार वर्षं मी त्याच्यावरच रियाज केलाय, आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. पट्टी निवडायची, बटण दाबायचं, सूर तयार. पण जूनमध्ये गाण्याच्या बाईंनी त्यांचा तंबोरा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “आज तू लाव.” वीस मिनिटं मी खुंट्या पिळत होते. जोडीच्या दोन तारा जवळ येत होत्या, पण मिळत नव्हत्या. बाई स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि तिथूनच “वर... अजून थोडा वर” असं सांगत राहिल्या. शेवटी तारेतला, सूर बारीक जुळवायचा मणी केसभर सरकवला आणि दोन तारांची एक तार झाली. मग खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार छेडली, तर त्यातून गांधार, म्हणजे ग ऐकू आला. गांधाराची तार तंबोऱ्यात नसतेच. खर्ज नीट लागला, जवारी, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथला झंकार, खुली असली की तो आपोआप उमटतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कानाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तो मोबाइलमधूनही येत असेल. पण तिथे तो मी लावलेला नसतो. मला सूर लावायला शिकायचं आहे, आणि त्यासाठी बिघडणारा, रोज उतरणारा तंबोरा घरात असायला हवा.

शनिवारी मध्यरात्रीनंतर महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली. मिरजेत उतरले तेव्हा अंधार होता. आधी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. तिथेच गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली ते गेले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, म्हणजे डिसेंबरात पुण्यात आम्ही त्यांच्या नावाच्या ज्या महोत्सवाला शाली पांघरून बसतो त्याचं मूळ इथं. थोडा वेळ बसून राहिले.

दुकानदार काकांना आधी फोन केला होता, त्यामुळे रविवार असूनही ते थांबले होते. माळ्यावर वाळलेले भोपळे टांगलेले. मंगळवेढ्याकडून येतात, म्हणाले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल मी विचारलं तर त्यांनी मान डोलावली आणि उलट मलाच विचारलं, “पट्टी कोणती तुमची, ताई?” काळी चार म्हटल्यावर त्यांनी दोन तंबोरे काढले. एकावर वेलबुट्टीचं काम, ३२,०००. दुसरा साधा, गवसणीसकट २१,५००. मी डोळे मिटून दोन्ही ऐकले. साध्याचा आवाज जास्त वेळ रेंगाळत होता. हे मी परवडतं म्हणून ठरवलं नाही ना, याची खात्री करायला पुन्हा ऐकले. नाही, साधाच चांगला होता. तारा माझ्या पट्टीच्या घालून देणार आहेत. घोडी घासून जवारी मात्र मी न्यायला जाईन तेव्हा माझ्यासमोर काढतील. तीन आठवडे लागतील.

उरतात ९,५५०. जाण्यायेण्याचे हजारभर त्यातूनच. मोबाइलची नुसती बॅटरी बदलून घेईन. बुटांना मंडईजवळच्या चांभारकाकांकडून तळ लावून घेईन. बाकीचे अडीनडीला, आईच्या शब्दाखातर. खात्यात साडेसहा हजार उरले तर त्यांना मी हात लावणार नाही.

परतीच्या एसटीतून आईला फोन केला. किंमत सांगताना पोटात गोळा आला होता. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “ठेवणार कुठं तो?”

आल्या आल्या कपाट आणि खिडकी यांच्यामधली जागा ओढणीने मोजली. खिडकीतून पाऊस आत येतो, म्हणून तिथे नको. दाराकडच्या कोपऱ्यात माझ्या दोन बॅगा आहेत, त्या आता खाटेखाली ढकलल्यात. तंबोरा तिथे उभा राहील.