नवऱ्याच्या खापरपणजोबांचं मला काय पडलंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मेलबर्नहून पुण्याला आले की कुणीतरी हटकतंच: "अगं, माहेरची वंशावळ सोडून त्या गोऱ्याचं काय उकरत बसलीस?"

माहेरची वंशावळ आहे की. नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत, नऊ पिढ्यांची, आणि तिच्यात एकाही बाईचं नाव नाही. पूर्वी मी एवढंच सांगून विषय संपवायचे. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही.

खरं म्हणजे सासूबाईंचे पणजोबा मला आवडले होते. डॉर्सेटचे शेतमजूर. तिथल्याच टॉलपडल गावच्या सहा मजुरांची मजुरी आठवड्याला सात शिलिंगांवर आली, तेव्हा त्यांनी संघटना बांधली. गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून १८३४ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलं. हे मात्र १८५२ मध्ये आपल्या मर्जीने जहाजात बसले. यादीत नोंद: वय २४, अविवाहित, वाचता येतं, लिहिता येत नाही. १८५८ मध्ये सोन्याच्या खाणींच्या बेंडिगोत लग्न. त्या बाईच्या पोटची ही सगळी मंडळी.

मग १८६१ची इंग्लंडची खानेसुमारी उघडली. डॉर्सेटच्या एका वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी अनाथ-निराधारांच्या कोंडवाड्यात, त्याच आडनावाची एक बाई. 'विवाहित'. शेजारी आठ वर्षांची मुलगी.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तो नव्हेच हा. असल्या नावाचे शेकड्यांनी असतील." तिथे थांबायला हवं होतं. मी १८५०चा डॉर्सेटचा आणि १८५८चा बेंडिगोचा असे दोन्ही विवाहदाखले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. वराच्या वडिलांचं नाव एकच, धंदा एकच: गवती छपरं शाकारणारा. वर मुलीचा जन्मदाखलाही ठेवला. फेब्रुवारी १८५३. जहाज सुटलं ऑक्टोबर १८५२ मध्ये.

सासूबाई उठल्या आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "याचा तुला आनंद झालाय." मी नाही म्हटलं. झाला होता. वर्षभराचं कोडं सुटल्याचा आनंद, दुसरा कसला? पण तो माझ्या तोंडावर दिसत होता, आणि त्या बघत होत्या. पुढचे तीन आठवडे फोन नाही.

त्यांची बाजूही मी मांडून पाहिली. १८५७च्या कायद्याआधी घटस्फोटाला पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागायचा. ते चैन मजुराच्या आवाक्यातलं नव्हतं. सात वर्षं जोडीदाराचा ठावठिकाणा नसेल तर दुसऱ्या लग्नाचा गुन्हा धरत नसत. पण यांनी सहाव्याच वर्षी लग्न उरकलं. आणि ठावठिकाणा कुणाचा लागत नव्हता, तिचा की यांचा? पोटात मूल आहे हे माहीत असताना गेले का, हे तर कुठल्याच कागदावर नाही. पूर्वीची मी म्हणाली असती, 'माहीत नसेल बिचाऱ्यांना.' आता तसं म्हणवत नाही. नालायक होते, असंही म्हणवत नाही. नवरा म्हणतो, दीडशे वर्षांनी न्यायनिवाडा करणारी तू कोण? बरोबर आहे, सून.

सासूबाई आता बोलतात. पणजोबांचं नाव काढत नाहीत. मुलगी १८७१च्या खानेसुमारीत सापडत नाही. अठरा वर्षांची असेल, कुणाच्या घरी कामाला, नाहीतर लग्न होऊन आडनाव बदललेली. परवा फोन ठेवता ठेवता सासूबाईंनी विचारलं, "त्या पोरीचं नाव काय म्हणालीस?"