काकांची यादी आणि जुन्नरची नाणी

लोकांच्या संग्रहातली जुनी नाणी तपासून त्यांची नोंदवही करून देणं हे माझं काम. वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंवर काय आहे, लेख कुठवर वाचता येतो, असं एकेक लिहून फोटोंसकट फाइल करून द्यायची. कुणाचे वडील गेलेले असतात आणि कपाटातल्या डब्यांचं काय करायचं ते कळत नसतं, कुणाला संग्रह संग्रहालयाला द्यायचा असतो. जवळ नसलेल्या नाण्यांची यादी करून द्या, असं मात्र फार कमी जण म्हणतात. ज्यांनी म्हटलं, त्यांच्यात हे काका मला अगदी लख्ख आठवतात.

काका कोथरूडला राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त आहेत. नारायण पेठेतल्या माझ्या खोलीवर आले ते हातात प्रिंटआउटची चळत घेऊन. "ताई, ही माझी वॉन्ट लिस्ट. फक्त तपासून द्या, मग ही सगळ्या व्यापाऱ्यांना पाठवून देतो." यादीत तीनशेच्या वर ओळी होत्या. आहत म्हणजे चिन्हं ठोकून केलेल्या प्राचीन नाण्यांचे प्रकार, इंडो-ग्रीक राजे एका खाली एक, कुषाणांचं सोनं, गुप्तांचं सोनं, सातवाहन, क्षत्रप म्हणजे पश्चिम भारतातले शक राजे. कॅटलॉगमधून उतरवून काढलेली, अक्षर टंकलेलं, पण मेहनत हातानं केल्यासारखी.

अशी यादी पाहिली की मी एकच प्रश्न विचारते. यातलं एखादं नाणं उद्या समोर आलं, तर ते घ्यायचं की सोडायचं हे ही यादी सांगेल का? काका थोडा वेळ कागदांकडे बघत बसले. म्हणाले, "नाही. ही फक्त जगात काय काय आहे ते सांगते."

मग मी त्यांना गाव विचारलं. जुन्नर तालुका. माझ्या दृष्टीनं काम तिथंच सुरू झालं.

जुन्नरच्या माणसानं पंजाबातल्या ग्रीक राजांपासून सुरुवात का करावी? त्याच्या घराशेजारी नाणेघाट आहे. देशावरचा माल तिथून कोकणात उतरायचा, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे हिशेब आहेत, गायी किती, हत्ती किती, कार्षापण नावाची नाणी किती. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरात नहपान या क्षत्रपाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे, वर्ष ४६ चा. म्हणजे एकाच तालुक्यात सातवाहनांचाही हात पोचलेला आणि क्षत्रपांचाही. मी काकांना म्हटलं, यादीचा प्रश्न असा ठेवू: दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरच्या बाजारात माणूस गेला, तर त्याच्या कनवटीला कोणती नाणी असतील?

काकांनी स्वतःच पेन काढलं. कुषाणांचं सोनं गेलं, गुप्तांचं गेलं, ग्रीक राजे गेले. एकेक ओळ खोडताना त्यांचा हात थोडा अडखळत होता, मला दिसत होतं. वर्षानुवर्षं मनात धरलेली नाणी होती ती.

यादी करण्याआधी जवळचं सगळं पाहायचं, हा माझा नियम आहे. काकांनी डबा आणला होता. आहत चांदीची थोडी नाणी, वर सोंड केलेल्या हत्तीची पोटीन (तांब्याच्या मिश्रधातूची) नाणी, नंतरच्या क्षत्रपांचे दोन-तीन द्रम्म म्हणजे छोटी चांदीची नाणी, आणि तळाशी एका पाकिटात एक काळपट चांदीचं नाणं. पाकिटावर चिकटवलेल्या बिलात व्यापाऱ्यानं लिहिलं होतं, 'क्षत्रप, खराब'. काका म्हणाले, "हे बदलायचंय. म्हणून तर यादीत नहपान स्वच्छ छापाचा असा लिहिलाय."

मी ते कडेनं धरून दिव्याखाली तिरकं केलं. समोर तीन कमानींचा डोंगर होता, खाली नागमोडी रेघ, भोवती ब्राह्मी अक्षरं तुटक तुटक. डोंगराच्या उजव्या उताराला एक उंचवटा होता, तो डोंगराचा नव्हता. नाणं आणखी जरा कललं आणि त्या उंचवट्याचं नाक झालं. बाकदार नाक, खाली ओठ, हनुवटी. कडेला ग्रीक वळणाची दोन-तीन बिघडलेली अक्षरं. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचं उज्जयिनी चिन्ह, आणि त्याच्या दोन वर्तुळांमधून बाणाचा पिसारा डोकावत होता. भिंग काकांच्या हातात दिलं. टूलरूममध्ये ठसे घासलेली नजर, त्यांना सांगावं लागलं नाही. "एकावर एक मारलाय की हा!"

खालचा चेहरा नहपानाचा. वरचा ठसा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाला हरवल्यावर त्यानं त्याची चांदी वितळवत न बसता तीच नाणी पुन्हा ठशाखाली घातली. त्याची आई गौतमी बलश्री हिचा नाशिकच्या लेण्यातला लेख त्याला क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निरवशेष करणारा म्हणतो. तेच वाक्य या दोन ग्रॅमच्या आसपासच्या चकतीवर धातूत उतरलेलं आहे. व्यापाऱ्याला ते खराब वाटलं, कारण तो एका राजाचं चित्र शोधत होता. माझ्या मते काकांच्या डब्यातलं ते सर्वांत बोलकं नाणं होतं, आणि ते बदलण्याची ओळ आम्ही यादीतून काढली. नहपान यादीत राहिला, पण सोबतीला, बदली म्हणून नाही.

मग रकाने ठरवायला बसलो. सगळ्यांत जास्त वेळ यातच जातो आणि जायलाच हवा. 'दर्जा उत्तम' असं लिहून काही साधत नाही. हत्तीच्या पोटीन नाण्यात चकती लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे अख्खा लेख सहसा येतच नाही. तिथं लिहायचं की सोंड पूर्ण हवी आणि 'सातकणि' एवढी अक्षरं वाचता आली तरी पुरे. नंतरच्या क्षत्रपांचं उलट आहे. त्यांच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागं शक वर्षाचे आकडे असतात आणि मागच्या बाजूला बापाचं नाव, मुलाचं नाव. तिथं चेहरा झिजलेला चालेल, पण वर्ष कडेबाहेर गेलेलं चालणार नाही, कारण आकडा मिळाला की त्यात ७८ मिळवून इसवी सन निघतो. नहपानाच्या नाण्यावर बाण आणि वज्र दोन्ही दिसायला हवेत, ब्राह्मी आणि खरोष्ठी या दोन लिप्यांपैकी एकीतला तरी लेख धड हवा. कोल्हापूरकडच्या कुर राजांची शिशाची नाणी काकांना हवी होती, धनुष्यबाण असलेली. ती जुन्नरच्या प्रश्नात नीट बसत नाहीत, म्हणून वेगळ्या पानावर गेली. किमतीचा रकाना पेन्सिलीनं. आणि शेवटचा रकाना मी सगळ्यांना घालायला लावते: हे नाणं याआधी कुणाकडे होतं?

जेवणं उरकली तेवढ्यात काकांचा फोन वाजला. एका विक्रेत्यानं फोटो पाठवला होता. यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं, राजाचा चेहरा असलेलं. सातवाहनांची चेहऱ्याची चांदी मुळातच कमी सापडते. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना या राजाचं एक चांदीचं नाणं मिळालं, त्याचं अभ्यासकांना केवढं अप्रूप होतं. काकांच्या मूळ यादीत ते नाणं पहिल्या पानावर होतं. विक्रेता म्हणत होता की संध्याकाळपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. काकांचा चेहरा मला वाचता येत होता. पेन्शनीतून साठवलेले पैसे होते त्यांच्याकडे.

माझ्या कॉम्प्युटरवर विक्रीला आलेल्या अशा नाण्यांचे जुने फोटो मी जपून ठेवते. त्यातला एक काढला आणि फोनवरच्या फोटोशेजारी ठेवला. चेहरा तोच. त्यात वावगं काही नाही, एकाच ठशातून अनेक नाणी निघतातच. पण वरच्या कडेला घड्याळात अकराच्या जागी एक टवका उडालेला होता, तो दोन्हीकडे. छाप डावीकडे सरकलेला, दोन्हीकडे तेवढाच. कानाखालचा ओरखडासुद्धा तोच. काका चष्मा वर करून दोन्ही फोटो पाहत राहिले. मग म्हणाले, "प्रेसखाली दाबलेल्या दोन चकत्यांची कड अशी सारखी फुटत नाही. हे कास्टिंग आहे. एकाचा साचा घेऊन दुसरं ओतलंय." मला बोलावंच लागलं नाही. त्यांनी विक्रेत्याला कडेचा जवळून फोटो आणि आधीच्या मालकाचा कागद मागितला. पुढे उत्तर आलं नाही.

यादी सगळ्या व्यापाऱ्यांना पाठवण्याबद्दल मी तेव्हा बोलले. कुणाला काय हवंय आणि किती हवंय हे बाजाराला कळलं की ते बनवणाराही कुठेतरी बसलेला असतो. यादी दोन-तीन विश्वासातल्या परवानाधारक व्यापाऱ्यांना दाखवावी, आणि तीही किमतीच्या रकान्याशिवाय.

यावर काका जे बोलले त्यानं मी दचकले. "गावी पुतण्याला पण पाठवणार होतो. पावसाळ्यात शेतात नाणी वर येतात. परवाच बांध नीट करताना त्याला मडक्याच्या खापऱ्या आणि काही हिरवट नाणी मिळालीत. म्हणाला, काका तुमच्यासाठी ठेवलीत."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. हे मला जीव तोडून सांगावंसं वाटतं, तेव्हाही सांगितलं. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथं १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,२५० च्या आसपास नाणी, आणि त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हा मारलेला. तो साठा एकत्र मोजला गेला म्हणून आपल्याला कळतं की नव्या राजानं जुनं चलन केवढ्या प्रमाणावर आपलंसं केलं, आणि तरी कितीतरी नाणी ठशाविनाच राहिली. तीच नाणी शंभर जणांनी मूठमूठ वाटून घेऊन बाजारात विकली असती, तर काकांच्या डब्यातल्यासारखी सुटी नाणी उरली असती, मोठा आकडा कायमचा गेला असता. पुतण्याच्या बांधातल्या खापऱ्यांचा काळ नाण्यांवरून ठरेल, नाण्यांचा खापऱ्यांवरून. वेगळी केली की दोन्ही मुकी. आणि काकांची यादी गावात फिरली तर पुढच्या वर्षी पोरं बांध नीट करायला नाही, नाणी काढायला खणतील.

कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरतात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

काकांनी माझ्यासमोरच फोन लावला. "आरं, ती नाणी धुऊ नकोस. चिंच तर अजिबात लावू नकोस. खापऱ्यासुदा हायेत तशा एका डब्यात ठेव. कुठं मिळाली तिथं खूण कर, फोटो काढ आन् उद्या तलाठ्याकडं जा. न्हाई, मला नकोत. मला नकोत म्हटलं ना." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जरा जोरात.

पुतण्या तलाठ्याकडे गेला, पंचनामा झाला. नाणी कोणाची, ते अधिकृतपणे ठरेपर्यंत मी त्याविषयी लिहिणार नाही.

संध्याकाळी यादी चार पानांवर आली. वर प्रश्न, मग नाणी, शेवटी 'घ्यायची नाहीत' असं वेगळं पान: मातीसकट आलेली, आधीचा मालक न सांगता येणारी, संध्याकाळपर्यंत सांगा म्हणणाऱ्यांची. एका ओळीवर मात्र आमचं जमलं नाही. कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाचा रूपक, बसलेला नंदी असलेलं छोटं चांदीचं नाणं. मी म्हटलं, काका, हे सहाव्या शतकातलं, आपल्या प्रश्नाच्या कितीतरी पुढचं. ते म्हणाले, नाशिकच्या बाजूला ही सापडतात, मग जुन्नरला आली नसतील कशावरून? शिवाय तो नंदी त्यांना फार आवडतो. मी कालखंडाचा मुद्दा पुन्हा मांडला, त्यांनी नंदीचा. ओळ यादीत राहिली, किंमत पेन्सिलीनं लिहून.