नकाशात साठलेले सामान

त्या सकाळी प्रयोगशाळेतून पहिला फोन आला तो आमच्या प्रोग्रामने काढलेल्या एका रुग्णाच्या अहवालात उपाशीपोटीच्या रक्तशर्करेचे दोन आकडे छापले गेल्याबद्दल. एक ९२ होता आणि दुसरा २१०. त्या रुग्णाची ही चाचणी एकदाच झाली होती.

मी रात्री तयार झालेल्या अहवालांचे फोल्डर उघडले आणि फाइली वेळेच्या क्रमाने लावल्या. कोडची एकही ओळ वाचण्याआधीच आजाराचे स्वरूप तिथे दिसले, कारण पहिली फाइल एका पानाची होती, दहावी तीन पानांची आणि चाळिसावी अकरा पानांची. प्रत्येक अहवालात आधीच्या सर्व रुग्णांच्या चाचण्या जमा होत गेल्या होत्या. पहिल्या रुग्णाचाच अहवाल काय तो निर्दोष होता. तीन चुकीचे अहवाल रुग्णांच्या हातात गेले होते. प्रयोगशाळेने ते परत मागवले, आणि हे वाक्य मला अजूनही सहजपणे लिहिता येत नाही.

दरम्यान देखभालीच्या गटाने सर्व्हर रीस्टार्ट करून टाकला होता आणि पुढचा अहवाल बरोबर आल्यावर ‘समस्या सुटली’ असे कळवलेही होते. रीस्टार्ट हा आमच्या क्षेत्रातला अंगारा आहे. तो लावल्यावर रुग्ण बरा दिसतो आणि रोगाचा पुरावा पुसला जातो.

मला दोन तास चकवले ते अहवालाच्या तळाशी असलेल्या एका ओळीने. वर तीनशेहून अधिक नोंदी छापलेल्या आणि खाली ‘एकूण चाचण्या : ८’. हा आकडा अचूक होता. मोजणारा कोड शुद्धीवर आहे आणि साठवणारा नाही, असे एकाच क्लासमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या वस्तू बनवणाऱ्या कोडच्या तुकड्यात, कसे होईल, म्हणून मी आधी डेटाबेसवर संशय घेतला, मग छपाईच्या लायब्ररीवर, आणि दोन्हीकडून हात हलवत परत आले. शेवटी प्रोग्राममध्येच दोन रुग्णांचे अहवाल तयार करून त्यांच्या याद्यांचे आयडी, म्हणजे मेमरीतले ओळखक्रमांक, छापले. दोन्ही आकडे एकच निघाले. ऑब्जेक्ट, म्हणजे त्या क्लासपासून बनलेले अहवाल, दोन होते, पण यादी एकच होती.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या त्या क्लासमध्ये चाचण्यांची रिकामी यादी आणि शून्यापासून सुरू होणारा मोजणीचा आकडा, हे दोन्ही नवा ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या इनिट या मेथडच्या बाहेर, थेट क्लासच्या अंगात लिहिलेले होते. अशा ठिकाणी लिहिलेली गोष्ट क्लासची असते, ऑब्जेक्टची नव्हे. ऑब्जेक्टकडे एखादे नाव मागितले की पायथन ते आधी ऑब्जेक्टमध्ये शोधतो आणि तिथे नसेल तर क्लासमध्ये. मोजणीच्या ओळीत ‘सेल्फ’मधल्या, म्हणजे त्या-त्या ऑब्जेक्टमधल्या, आकड्यात एक मिळवला जात होता. तिथे क्लासमधला शून्य वाचला गेला, पण बेरीज ऑब्जेक्टवर लिहिली गेली, त्यामुळे प्रत्येक अहवालाला स्वतःचा आकडा मिळाला. यादीच्या बाबतीत मात्र काहीच नव्याने लिहिले जात नव्हते. नोंद जोडणाऱ्या अपेंडने सापडलेल्या यादीतच भर घातली, आणि सापडलेली यादी क्लासची होती. शेजारशेजारच्या दोन ओळी, दिसायला सारख्या, आणि त्यांचे वागणे इतके वेगळे.

यादीची ही ओळ तीन वर्षांपूर्वीची होती. तेव्हा प्रत्येक अहवालासाठी स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामची वेगळी फेरी, सुरू होई, क्लास नव्याने तयार होई आणि एका ऑब्जेक्टनंतर सगळेच संपून जाई. या क्लासचा कोड तपासणारी टेस्टही एकच होती आणि तीत ऑब्जेक्टही एकच होता. दर वेळी कोड चालवणारा इंटरप्रिटर सुरू करण्यात जाणारा वेळ वाचवण्यासाठी सगळे अहवाल एकाच प्रोसेसमध्ये काढण्याचा बदल आदल्या दिवशी मी केला होता आणि त्याचे मला कौतुकही वाटत होते. झोपलेल्या चुकीला मी जागे केले.

ती ओळ ज्याने लिहिली तो कनिष्ठ सहकारी जावा ही दुसरी भाषा शिकून आला होता. जावामध्ये नेमक्या त्याच जागी लिहिलेली यादी प्रत्येक ऑब्जेक्टला वेगळी मिळते. सामाईक हवी असेल तर ‘स्टॅटिक’ असे स्पष्ट लिहावे लागते आणि वाचणाऱ्याची नजर त्या शब्दावर अडते. पायथनमध्ये अडवणारा शब्दच नाही, जागाच सगळे ठरवते. आवृत्ती ३.७ पासून आलेल्या डेटाक्लास या खास प्रकारच्या क्लासमध्ये अशी यादी मूळ किंमत म्हणून दिली तर एरर येतो, पण साध्या क्लासला ही राखण नाही. सामाईक यादी मुद्दाम ठेवणारेही असतात, त्यामुळे भाषेला दोष देणे मला जमत नाही.

मी त्याला दुरुस्ती दाखवली. ती ओळ इनिटमध्ये ‘सेल्फ’वर हलवणे, एवढीच. तो थोडा वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “पण तुम्हीच शिकवलं होतं ना, क्लास म्हणजे नकाशा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बांधलेलं घर? मग नकाशात सामान कसं साठेल?”

माझ्याकडे उत्तर होते, तरी ते देताना मी अडखळले. पायथनमध्ये क्लासची व्याख्या वरून खाली चालवली जाते आणि तिच्यातून तयार होणारा क्लास हा स्वतःच एक ऑब्जेक्ट असतो. त्यालाही मेमरीत जागा असते आणि त्यातही वस्तू राहतात. ही कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकात झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात घडलेल्या स्मॉलटॉक या भाषेतही क्लास हा ऑब्जेक्टच होता. कागदाच्या नकाशाचे रूपक मात्र हे सगळे झाकते, आणि ते रूपक गेली कित्येक वर्षे माझ्या पहिल्या स्लाइडवर आहे. त्या कोडचा रिव्ह्यूही मीच केला होता.

चूक झाल्यावर भरायच्या आमच्या फॉर्ममध्ये ‘मूळ कारण’ या शीर्षकाखाली एकच ओळ मावते. असा फॉर्म ज्याने बनवला त्याला कारण नको होते, नाव हवे होते. मी त्यात माझ्या बदलाचा उल्लेख केला. सहकाऱ्याने स्वतःहून आपल्या ओळीचा उल्लेख त्यात जोडला, आणि व्यवस्थापकांनी दोन्ही कारणे लांब होतात म्हणून ‘कोडिंगमधील त्रुटी’ एवढेच ठेवले.

नव्या मुलांना आता मी पहिल्याच दिवशी दोन ऑब्जेक्ट बनवायला लावते, एकाच्या यादीत नोंद घालायला सांगते आणि दुसऱ्याची यादी छापायला. नकाशाची स्लाइड त्यानंतर येते. ती काढून टाकावी असे दर वेळी वाटते, आणि तिच्या जागी काय ठेवावे हे अजून सुचलेले नाही.