ऑक्सिजनचा डबा आणि आमचं पोरगं

नणंदेने फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला, पारदर्शक डब्यात एक पोरगं आडवं पडलंय, बाहेर आई रडतेय, खाली लिहिलंय ऑटिझम बरा होतो. "वहिनी एकदा बघून तर या." लेक सहा वर्षांचा, ऑटिझम आहे, अजून बोलत नाही, त्यामुळे बघून तर या ला नाही म्हणणं आम्हाला जमतच नाही. गेलो त्या क्लिनिकमध्ये. हायपरबारिक ऑक्सिजन थेरपी म्हणतात याला, बंद डब्यात हवेचा दाब वाढवून ऑक्सिजन द्यायचा.

एका सेशनचे अडीच हजार, चाळीसचं पॅकेज घेतलं तर जरा कमी. मी विचारलं नेमकं होतं काय याने, तर म्हणे मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो ना मॅडम. अहो पण आमच्या पोराचा मोजला कोणी? नवरा मात्र तिथेच मोबाईलवर एफडी कधी मोडता येईल ते बघायला लागला होता.

रात्री वाचत बसले. मशीन खोटं नाहीये, पाणबुडे भसकन वर आले की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात त्यावर हाच उपाय, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, डायबिटीसवाल्यांची पायाची न भरणारी जखम यातही वापरतात. ऑटिझमचं काय तर 2009 चा अमेरिकेतला 62 मुलांचा अभ्यास, 40 सेशन, नेहमीच्या हवेच्या 1.3 पट दाब, फायदा झाला म्हणे, पण करणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःच ही ट्रीटमेंट देऊन पैसे घेणारे, पेपरात त्यांनीच लिहिलंय तसं. 2010 ला दुसऱ्यांनी 80 सेशन देऊन बघितली, काही फरक नाही.

मग थायलंडचा 2012 चा सापडला आणि माझी झोपच उडाली. 60 मुलं, काहींना 1.5 पट दाबाने शुद्ध ऑक्सिजन, बाकीच्यांना किंचित दाबाने साधी हवा, कोणाला काय मिळतंय ते आईबापांना माहीत नाही. सुधारणा दोन्हीकडे दिसली, सारखीच! म्हणजे साध्या हवेवाल्या आयांनाही आपलं पोर सुधारलंय असं वाटलं. मला हसू नाही आलं, मी पण तेच केलं असतं, लाखभर घातल्यावर तो एकदा जरी डोळ्यात बघून हसला असता तरी मी ग्रुपवर पेढे वाटले असते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि मशीनना मान्यता देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, 2013 लाच सांगितलंय की ऑटिझमसाठी याला मान्यता नाही. आणि जानेवारी 2025 मध्ये मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात अशाच चेंबरला आग लागून पाच वर्षांचा मुलगा गेला, ते वाचून तर मी फोन उलटा ठेवला.

तरी माझं ठरलं ते कानावरून. दाब वाढला की कान दुखतात, आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, नाहीतर थांबवा म्हणतो. आमच्याला मागच्या पावसाळ्यात कानात इन्फेक्शन झालेलं, तीन दिवस भिंतीवर डोकं आपटत होता आणि आम्ही बिहेवियर बिहेवियर करत बसलेलो. त्या डब्यात कान दुखला तर तो कसा सांगणार?

नणंदेला एवढंच लिहिलं की नाही करत आहोत. तिने अंगठा पाठवला. क्लिनिकचा मेसेज अजून येतो, दिवाळी ऑफर आहे म्हणे.