अजिंठ्यात आधी वही, मग कॅमेरा

छायाचित्रणाची आवड असलेल्या माणसाने अजिंठ्याला जाताना कॅमेऱ्याबरोबर रेखाटनाची वही न्यावी आणि लेण्यात शिरल्यावर आधी वही उघडावी, असे मला या प्रवासानंतर ठामपणे वाटते. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे शंभर किलोमीटरवर, फर्दापूरजवळच्या तिठ्यावर आपली गाडी सोडावी लागते आणि पुढचा रस्ता बसने कापावा लागतो. वाघूर नदीने डोंगर कापून केलेल्या वळणावर, नालेच्या आकाराच्या कड्यात तीस लेणी ओळीने कोरलेली आहेत. नववे आणि दहावे लेणे इसवी सनापूर्वीचे, तर पहिले, दुसरे, सोळावे आणि सतरावे ही चित्रांसाठी प्रसिद्ध असलेली लेणी पाचव्या शतकातल्या वाकाटक काळातली आहेत.

पहिल्या लेण्यात अनवाणी शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत भिंतीवरचे फारसे काही उमगत नाही. हळूहळू गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या बाजूला पद्मपाणी आणि उजव्या बाजूला वज्रपाणी हे दोन बोधिसत्त्व दिसू लागतात. बहुतेक लोक मोबाइल उंचावतात आणि पुढे सरकतात. मी कुणाच्या वाटेत येणार नाही अशा जागी बसून पद्मपाणीचा चेहरा काढायला घेतला. भुवई कागदावर उतरवू लागताच लक्षात आले, की मूळ चित्रातली ती रेषा कुठेही अडखळत नाही. ती काढणाऱ्या हाताला तिचा शेवट सुरुवातीलाच ठाऊक असला पाहिजे. पापण्या झुकलेल्या आहेत, मान एका बाजूला कललेली आहे आणि उजव्या हातातले निळे कमळ इतक्या हलक्या बोटांनी धरले आहे, की देठावर जराही दाब जाणवत नाही. त्रिभंग आपण पुस्तकांतून वाचलेला असतो, पण डोके, धड आणि कंबर यांचे तीन वेगवेगळे कल वहीत जुळवताना त्या देहाचा तोल कसा सांभाळला आहे, हे हाताला कळते. नाकाच्या दांड्यावर दिलेला पांढुरका उजाळाही मला रेखाटतानाच दिसला, आणि त्या एवढ्याशा रंगाने चेहऱ्याला केवढा उठाव आला आहे, हे मी कितीतरी वेळ पाहत राहिलो.

ही चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि तो वाळल्यावर रंग, असे हे काम आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना हे रंग साधे आहेत. निळ्यासाठी मात्र अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द हा निळा दगड वापरलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाच्या राजवटीत इटालियन तज्ज्ञांनी चित्रे टिकावीत म्हणून लाखेचा लेप दिला, आणि कालांतराने तो पिवळा पडला. छायाचित्र घेताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण दिव्यांच्या उजेडात कोणता पिवळेपणा मूळ रंगाचा आणि कोणता लेपाचा, हे कॅमेरा ठरवू शकत नाही. फ्लॅशला सक्त मनाई आहे आणि ट्रायपॉडसाठी परवानगी लागते. म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२००, भिंग पूर्ण उघडे, शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास, कोपरे बरगड्यांना घट्ट टेकवलेली आणि श्वास रोखलेला, अशा तयारीने मी काम केले, आणि रंग नंतर सावकाश जुळवता यावेत म्हणून सगळी छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घेतली. चेहरा आधी हाताने काढलेला असल्यामुळे चौकट कुठे धरायची, याचा विचार मला पुन्हा करावा लागला नाही.

इथे बसून नक्कल करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने कोरलेले नाव पाहून मला आजही वाईट वाटते. १८४४ पासून रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकारी-चित्रकाराने अनेक वर्षे या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला होता, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. त्यानंतर १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत राहिले. त्यांच्याही कितीतरी प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या, तरी उरलेल्यांमुळे भिंतीवरून आता पुसट झालेले काही तपशील आपल्याला कळतात. त्या विद्यार्थ्यांचे श्रम आपल्याकडे पुरेसे आठवले जात नाहीत, असे माझे मत आहे.

सतराव्या लेण्यातल्या अप्सरेच्या गळ्यातले मोत्यांचे सर एका बाजूला झुकलेले आहेत, आणि ती उडत आहे हे त्या झुकण्यावरूनच उमगते. हे चित्र नवशिक्याने एकदम हाती घेऊ नये. त्याने दुसऱ्या लेण्याच्या छतापासून सुरुवात करावी: तिथल्या हंसांच्या रांगेत प्रत्येक हंसाची मान वेगळी वळलेली आहे, आणि एकेक मान काढत गेले, की रेषेची लय हातात बसू लागते. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे वार पाहूनच निघावे.